चार ठेक्यांची रिकामी जागा

हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगलाष्टका लिहीत होतो. लिहीत होतो म्हणजे काय, पाच कडवी माझ्याकडे कायमची तयार असतात. मुलामुलीची, आईवडिलांची आणि गावाची नावं तेवढी वृत्तात बसवून द्यायची. शाळेत मराठी शिकवून उरलेल्या वेळात मी हे करतो, आणि शहापूर तालुक्यात लग्नसराईत माझ्या दाराशी माणसं थांबतात. हे जरा अभिमानानं सांगतो, कारण सांगण्यासारखं दुसरं फारसं नाही. त्या दिवशी मुलाच्या आजोबांचं नाव काही केल्या बसत नव्हतं. तेवढ्यात टोकावड्याहून निर्मलावहिनींचा, हरेशच्या बायकोचा फोन. "भावजी, ह्ये गेले. सकाली छातीत कल आली, मुरबाडपरेंत पन नाय पोचलो आमी..." मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगतो, पहिला विचार दुःखाचा नव्हता. पहिला विचार हा होता, की आता हा माणूस कधीच वाईट गाणं लिहिणार नाही. जिवंत माणूस कधी ना कधी घसरतो, त्याची वाट बघत बसता येतं. गेलेल्याची कसली वाट बघणार? रडू आलं, पण ते नंतर. क्रम असा होता, आणि तो बदलून लिहायचा माझा विचार नाही.

हरेशला तुमच्यापैकी पुष्कळांनी स्टेजवर पाहिलं असेल. खांद्यावर गमछा, पायात कोल्हापुरी, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, आणि आमच्या मुरबाडकडच्या बोलीत म्हटलेली रॉक गाणी. कॉलेजची पोरं त्याच्या गाण्यावर वेड्यासारखी नाचायची. त्याच्या प्रत्येक गाण्यात तिसऱ्या कडव्याला एक गंमत असे. गिटार थांबायची, हरेश माइकपासून एक पाऊल मागं सरायचा, आणि नुसते ड्रमचे चार ठेके. त्या चार ठेक्यांत समोरच्या गर्दीनं आपल्याला हवं ते नाव ओरडायचं. कोणी आईचं, कोणी गावाचं, कोणी न मिळालेल्या मुलीचं. तो गेल्यावर या जागेबद्दल किती लिहून आलं! एकानं लिहिलं, हा पाश्चात्त्य रॉकचा प्रभाव. दुसऱ्यानं तिच्यात थेट अध्यात्म पाहिलं. तिसऱ्यानं निदान हरेशच्या मुलाखती वाचल्या होत्या, म्हणून त्यानं गोमा टेलर आणि चांगुणाबाई ही दोन नावं घातली, कारण हरेश जिथं तिथं ही दोनच नावं घ्यायचा. सगळी कात्रणं मी कापून ठेवली आहेत. एकातही माझं नाव नाही. दोनदा तपासलं.

गोमा टेलरचं दुकान मुरबाडच्या बाजारपेठेत होतं. आम्ही दोघं तिथल्या कॉलेजात होतो, मी सापगावहून येणारा, तो टोकावड्याहून, आणि तास बुडवून बसायची आमची जागा म्हणजे गोमाशेठच्या दुकानातलं बाकडं. दिवसा ते सफारी आणि पोलकी शिवायचे आणि शिवता शिवता गाणी रचायचे. हळदीची, वरातीची, प्रेमाची. त्यांच्या सातआठ कॅसेटी निघाल्या होत्या, आणि त्या काळात मुरबाड ते भिवंडी असं एक लग्न नसेल जिथं त्या वाजल्या नाहीत. शहरातले लोक त्याला काय म्हणतील ठाऊक नाही. आमच्याकडे पॉप संगीत म्हणजे तेच होतं. मशीनच्या वरच्या फळीवर त्यांचा जुना टू-इन-वन असायचा. त्यांच्या हळदीच्या गाण्यांत नवरीच्या नावासाठी जागा सोडलेली असे. कॅसेट सगळ्या घरांत जाणार, तेव्हा तिच्यात एकीचं नाव कसं घालणार? म्हणून तेवढ्यात नुसती ढोलकी. प्रत्यक्ष हळदीत जो गायक असेल त्यानं चिठ्ठीवर बघून ते नाव त्या जागी घ्यायचं. "पोलक्यात माया ठेवतो ना आपन," गोमाशेठ सांगायचे, "तशी गान्यात ठेवाची. बाय अंगानं भरली तर उसवून घेता आलं पायजे."

चांगुणाबाई बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन यायची आणि पाटी रिकामी झाली की दुकानाच्या पायरीवर बसून पान खायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती म्हणायची, गोमाशेठ उरलेल्या कागदाच्या तुकड्यांवर उतरवून घ्यायचे, आणि कॅसेटच्या कव्हरवर शेठचा फोटो मोठा, तिचं नाव खाली मुंगीएवढं. तिची खोड अशी, की ती गाण्यात प्रश्न विचारायची आणि उत्तर द्यायची नाही. 'कोनी गो लावला आंबा बांधाला, कोन गो बसल सावलीला?' झालं, संपलं गाणं. मी एकदा विचारलं, "अगं पण कोण बसतं सावलीला?" तर म्हणाली, "मना काय म्हाईत? ज्याचा आंबा त्याला इचार." हरेश हसून हसून बाकड्यावरून खाली पडायचा बाकी होता. मला मात्र ते अर्धवट वाटलं होतं. मी कविता करायचो, वृत्तात. माझ्या मते उत्तर देणं हे कवीचं कामच होतं.

आम्ही दोघांनी त्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या. एकाच टेपवर, एकाच बाकड्यावर बसून. म्हणूनच मला हे कोडं कधी सुटलं नाही, की त्यातून त्याच्या वाट्याला एक आलं आणि माझ्या वाट्याला दुसरं. आता इतक्या वर्षांनी नीट दिसतं. मी त्यांचे शब्द उचलले. गोमाशेठची हळद, हिरवा चुडा, चांगुणाबाईचा आंबा, सगळं माझ्या गाण्यांत जसंच्या तसं यायचं, फक्त शुद्ध होऊन, जोडीला थोडं चांदणं घालून. हरेशनं एकही शब्द उचलला नाही. त्यानं चांगुणाबाईचं विचारणं घेतलं आणि गोमाशेठची सोडलेली जागा घेतली. पुढं घाटाचा रस्ता रुंद झाला तेव्हा त्यानं लिहिलं, 'रस्ता झाला गो घाटावरी, माज्या पायाची वाट कुठं गेली?' त्यात आंबा नाही, हळद नाही, पण पायरीवर बसून पान खाणारी चांगुणाबाई जशीच्या तशी आहे. याची कुणकुण मला त्याच्या पहिल्याच कार्यक्रमात लागली होती. कोणाला सांगितलं मात्र नाही. एकदा मी माझं नवं गाणं गोमाशेठना वाचून दाखवलं होतं. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, "वामन, कापड चांगला हाय. पन अंगाला फार घट्ट शिवलास बाबा. मानूस शिरंल कुठून?" हरेश शेजारी बसून दोऱ्याचं रीळ सोडवत होता. तो हसला नाही, खाली बघत राहिला. हसला असता तर बरं झालं असतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. कॉलेज संपता संपता आम्ही हळदी-वरातींत वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीत लागलो होतो. तो बेंजो वाजवायचा. मी निवेदक, आणि चिठ्ठ्या माझ्याकडे. म्हणजे हळदीच्या घरी आधी पोचायचं, नवरीचं नाव, बापाचं, मामाचं नाव विचारून चिठ्ठी करायची आणि गाण्याच्या वेळी गायकाच्या पुढ्यात धरायची. एका मे महिन्यात आमच्या नेहमीच्या गायकाचा घसा बसला. त्या दिवशी दोन हळदी होत्या; एक दुपारी किन्हवलीकडे, दुसरी संध्याकाळी थेट माझ्या गावात, सापगावला. मला वाटलं, आपलं गाव आहे, गायक नाही, आता तरी आपण लिहिलेलं गाणं आपल्या तोंडून होईल. गावात तसं सांगूनही ठेवलं होतं. माझी आई पुढच्या रांगेत येऊन बसली होती, नवीन लुगडं नेसून. ऐन वेळी पार्टीचा मालक म्हणाला, "हरेश, तू म्हन रं. आनी गोमाशेठचाच म्हन, लोकांना तोच पायजे." झालं. मी माइक हरेशच्या हातात दिला.

गाणं तो चांगलं म्हणत होता, हेच तर दुखणं होतं. ऊन उतरलं होतं, मांडवात बाया नवरीला हळद लावत होत्या, आणि माझ्याच गावच्या माणसांच्या माना त्याच्या ठेक्यावर हलत होत्या. तिसऱ्या कडव्याला नावाची जागा आली. हरेशनं सवयीनं माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. 'सुगंधा', मोठ्या अक्षरात, माझ्याच हातची. मी हात खिशाकडे नेला आणि तिथंच ठेवला. मग दुसरीकडे, पाण्याच्या पिंपाकडे, बघू लागलो. त्याला नाव ठाऊक नव्हतं. दुपारच्या नवरीचं नाव डोक्यात बसलेलं, आणि हळदीत चुकीचं नाव घेणं म्हणजे मोठा अपशकुन. नवरानवरीच्या नावांची थर्माकोलची अक्षरं दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात लागणार होती, त्यामुळं कुठं वाचायचीही सोय नाही. तो गप्प बसला. ढोलकीचे चार ठेके नुसतेच वाजले आणि गेले... आमच्याकडे नवरीचं नाव न घेणं हा घराचा अपमान समजतात. नवरीचा मामा खुर्चीवरून उठला. माझ्या पोटात, लाज वाटते सांगायला, गुदगुल्या झाल्या.

पण त्याच कडव्याच्या पुढच्या फेरीला ती जागा परत आली, हरेश परत गप्प राहिला, आणि मांडवातल्या कोण्या म्हातारीला राहवलं नाही. ती ओरडली, "सुगंधाऽऽ!" तिच्यामागून चारपाच जणी ओरडल्या. तिसऱ्या फेरीला सगळा मांडव ओरडला, मामासकट. हळदीनं माखलेली ती पोरगी आधी लाजली आणि मग इतकी हसली, की मी तसं हसणं त्यानंतर कुठल्याच हळदीत पाहिलं नाही. लोकांनी ते गाणं तीनदा म्हणायला लावलं. माझी आईसुद्धा ओरडत होती! गाणं संपल्यावर हरेश घाम पुसत माझ्याकडे यायला लागला. माझ्या हातात गोमाशेठच्या त्या कॅसेटची डबी होती, हरेशकडूनच शब्द बघायला म्हणून घेतलेली. मी घाईघाईनं खिशातली चिठ्ठी काढली आणि डबीत कव्हरच्या मागं सारली. "चिठ्ठी पडली रे कुठंतरी," मी म्हणालो. "पडली तं पडली," तो म्हणाला, "बरंच झाला की." आणि माझ्या हातातली डबी घेऊन त्यानं बेंजोच्या पेटीत टाकली. डबी टोकावड्याला गेली. चिठ्ठीही गेली.

म्हणजे बघा. गोमाशेठनी जागा सोडली होती, मान्य. पण ती गायकानं भरण्यासाठी होती. ती लोकांसाठी मोकळी ठेवायची, हे जे हरेशचं म्हणून नावाजलं गेलं, ते गोमाशेठच्या कॅसेटमधून आलेलं नाही आणि चांगुणाबाईच्या पाटीतूनही नाही. ते माझ्या शर्टाच्या खिशातून आलं आहे. हे गेली तीसेक वर्षं मला एकट्याला ठाऊक होतं, आणि सांगायची सोय नव्हती. श्रेय मागायचं तर पाप कबूल करायला हवं होतं. आणि त्याहून मोठी धास्ती अशी, की हरेशनं कधी ती डबी उघडून कव्हर बाहेर काढलं असेल का? त्याला चिठ्ठी सापडली असेल का? मी त्याच्या घरी गेलो, की माझी नजर आधी कॅसेटींच्या फळीकडे जायची. हात लावायची हिंमत कधी झाली नाही.

त्यानंतर तो जो सुटला तो सुटलाच. बेंजो भोंग्यातून वाजताना जो फाटका आवाज यायचा, तोच त्याला गिटारमध्ये हवा होता. कल्याणला जोसेफ नावाचा ड्रमवाला भेटला, बँड झाला, गाणी झाली. आम्ही मित्रच राहिलो, म्हणजे त्याच्या बाजूनं तरी. भाताच्या कापणीनंतर नव्या तांदळाचं बोचकं माझ्याकडे यायचं. गोमाशेठ शेवटचे आजारी पडले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो, तर त्यांनी टू-इन-वन हरेशला दिला आणि मला शर्टाचं कापड. शर्ट मी शिवून घेतला, पण अंगात घातला की टेप आठवायचा. त्याची मुलाखत छापून आली की ओळींवर अंगठा सरकवत मी वाचायचो, आता येईल, पुढच्या ओळीत येईल... गोमा टेलर, चांगुणाबाई. चांगुणाबाई, गोमा टेलर. मेलेल्या माणसांचा हेवा करता येतो हे मला तेव्हा कळलं.

शेवटी मीच एक डाव टाकला. शहापूरला वाचनालयाच्या कार्यक्रमात त्याची प्रकट मुलाखत मी ठेवली, आणि प्रश्न विचारायला मीच बसलो. सगळं गाव समोर. गोमाशेठ, चांगुणाबाई असं सगळं झाल्यावर मी विचारलं, "ती चार ठेक्यांची जागा नेमकी कधी सुचली? एखादा प्रसंग?" मला काय हवं होतं? त्यानं म्हणावं, सापगावच्या हळदीत, हा वामन होता बरोबर. चिठ्ठी पडली होती, एवढं म्हटलं असतं तरी माझं भागलं असतं. हरेश बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग माइक तोंडाजवळ घेऊन म्हणाला, "गोमाशेठनी जागा सोडली होती. ती भरायची राहून गेली, येवढाच." लोक हसले, टाळ्या झाल्या. मी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, आणि तो माझा आधीच विचारून झाला होता.

शेवटची भेट आसनगाव स्टेशनच्या बाहेर, रिक्षांच्या रांगेजवळ. तो कार्यक्रमाहून परतत होता, पाठीवर गिटार. दोघांनी उभ्यानं चहा घेतला. म्हणाला, "वाम्या, येक गाना अडलाय. तिसरा कडवा लिव ना तू." इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा मागितलं होतं. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "तुझ्या तिसऱ्या कडव्यात लिहायला असतं काय? नुसतं भोक." तो हसला. "भोकाच्या आजूबाजूचा लिव की मंग," म्हणाला, आणि चहाचे पैसे देऊन रिक्षात बसला. मी त्या रात्री लिहायला बसणार होतो. नाही बसलो. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला जरा थांबू दे, असं मनात होतं. थांबायला त्याच्याकडे तीन आठवडेच होते, हे मला काय माहीत...

तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनींनी टोकावड्याला बोलावलं. बँडचे लोक आले होते, आठवणीचा एक कार्यक्रम करायचं चाललं होतं, आणि वह्या वाचायला मराठीचा माणूस हवा होता. पडवीत सतरंजीवर हरेशच्या वह्या पसरल्या होत्या. गाण्यांच्या तिसऱ्या कडव्यात जागेच्या ठिकाणी पेन्सिलीचा लहान चौकोन. मी वह्या चाळत होतो, आणि का खोटं बोलू, चौकोनाच्या आत कुठं काही लिहिलंय का ते बघत होतो. सगळे रिकामे. तेवढ्यात जोसेफ, तो कल्याणचा ड्रमवाला, आता त्याचीही दाढी पांढरी झाली आहे, पलीकडं बसलेल्या नव्या वादकाला समजावून सांगायला लागला, "देख, इथं गिटार बंद. मग चार ठेके वामन. मग सगळे एकदम." मी मान वर केली. "चार ठेके काय?" "वामन," जोसेफ म्हणाला. "तो गॅप असतो ना सर, त्याला वामन बोलतात. तुमच्या हळदीच्या म्युझिकमधला वर्ड आहे ना? हरेशभाई पहिल्या दिवसापासून तेच बोलायचा. इथं वामन टाक, इथं वामन लांबव. आम्ही सगळे तेच बोलतो." मग त्याला काहीतरी आठवलं. "सर, तुमचं नाव पण वामन ना?"

मी मान हलवली. छाती फुगली होती. इतकी वर्षं, प्रत्येक गाण्यात, प्रत्येक तालमीत माझं नाव! कल्याणच्या, मुंबईच्या, कुठल्या कुठल्या स्टेजवर ही माणसं वामन वामन करत होती, आणि मी इथं अंगठा सरकवत मुलाखती वाचत बसलो होतो. म्हणजे त्याला ठाऊक होतं, की हे माझ्यामुळं झालं. असं वाटलं, आणि मग लगेच दुसरं वाटलं. त्याला माझ्यामुळं झालं हे कशावरून ठाऊक? चिठ्ठी तर पडली होती ना? पडलेल्या चिठ्ठीला कोणी माणसाचं नाव देतं का?

मी उठून आतल्या खोलीत गेलो. फळीवर गोमाशेठचा टू-इन-वन, शेजारी कॅसेटी ओळीनं. ती डबी मला अंधारातही ओळखू आली असती, कोपऱ्याला तडा गेलेली. मी ती उघडली. गोमाशेठचा फोटो असलेलं कव्हर नखानं बाहेर काढलं. मागं चिठ्ठी होती, जशी मी सारली होती तशी, चौघडी. एक क्षण सुटल्यासारखं वाटलं, की सापडलीच नव्हती त्याला. मग मी ती उलगडली. घड्यांवर कागद फाटून चार तुकडे झाले होते, आणि ते तुकडे मागून चिकटपट्टीनं जोडले होते. पट्टी जुनी, पिवळी पडलेली. तिच्या कडेला कागद पुन्हा फाटल्यावर लावलेली दुसरी, नंतरची पट्टी. एकदा घडी केलेला कागद आपोआप असा फाटत नाही. तो पुन्हा पुन्हा उघडावा लागतो.

मी खाटेवर बसलो. त्याला सगळं कळलं होतं, बहुधा त्याच आठवड्यात. नव्या तांदळाची सगळी बोचकी त्यानं हे ठाऊक असताना पाठवली होती. वाचनालयात माझ्याकडे बघत राहिला तेव्हा ठाऊक होतं. आसनगावला कडवं मागितलं तेव्हाही. माझं नाव त्यानं त्या जागेला दिलं, ती माफी होती की टोमणा, हे मी आता कोणाला विचारू? दोन्ही असेल. त्याची गाणी अशीच असायची, विचारून गप्प बसणारी. त्या खाटेवर बसल्या बसल्या मला त्याचा पुन्हा हेवा वाटला, आजवरचा सगळ्यात मोठा. गाण्यात तो माझ्या पुढं गेला हे मी कसंबसं गिळलं होतं. हा माणूस पोटात ठेवण्यातही माझ्या पुढं गेला. मला एक कडवं तीन आठवड्यांत देववलं नाही, आणि यानं तीस वर्षं एक शब्द काढला नाही.

बाहेर जोसेफ आणि मंडळींचं बोलणं चालू होतं. मी कॅसेट टेपमध्ये घातली. वाटलं होतं चालणार नाही, पण हरेशनं तो टेप नीट ठेवला होता. थोडी खरखर झाली, मग गोमाशेठची ढोलकी, मग पहिलं कडवं, दुसरं. चिठ्ठी मी मांडीवर उघडी धरली होती. तिसऱ्या कडव्याला ती जागा आली आणि मी नाव घेतलं नाही. चार ठेके गेले. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "भावजी, च्या ठेवलाय. काय लावलाव?" मी म्हणालो, "काही नाही वहिनी, जुनं आहे." टेप मागं नेला. बटण परत दाबलं. ढोलकी आली, कडवं आलं, आणि नवरीच्या नावाच्या जागी मी चिठ्ठीत बघून, मोठ्यानं, बाहेर पडवीत ऐकू जाईल असं म्हणालो, "सुगंधा."

या खेपेला ठेका चुकला नाही.